गच्ची हिशेबात धरलेली नाही

वडोदरा,
४ ऑक्टोबर १९९३

ती. मोटीबेनस,
जय श्रीकृष्ण.

तुझं पत्र मिळालं. "घर दोघांच्या नावावर असलं तरी अक्कल तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, तुला वाटेल तसं कर," हे वाक्य मी प्रतिमाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, नणंद असावी तर अशी. तेव्हा घर विकायला तुझी संमती आहे असं धरून मी कामाला लागलो आहे.

आता नीट ऐक. जन्मभर बँकेत बसून मी जुन्या घरांच्या किमती ठरवल्या. घराच्या किमतीत माया आली की आकडा चुकतो. म्हणून आपलं घर परक्याचं आहे असं समजून मी त्याचं मोजमाप केलं. रस्त्याकडची रुंदी अकरा फूट आणि लांबी आत पन्नासाच्या वर. म्हणजे घर कसलं, बोगदाच तो. दोन्ही अंगच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. उजेड काय तो मधल्या चौकातून. जिना शिडीसारखा उभा. आपल्या पोळेच्या गल्लीत आगीचा बंब शिरत नाही; रिक्षा शिरते, पण वळत नाही. जमेच्या बाजूला सागवानी खांब, कोरीव दार आणि चौकाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं. गच्ची हिशेबात धरलेली नाही. पोळेतल्या गच्चीला बाजारात किंमत नसते, ती फक्त गळते. सगळं धरून सव्वाचार लाख. यापेक्षा जास्त कोणी दिले तर तो माणूस शुद्धीवर आहे का ते बघ.

चंपकभाई दलाल गिऱ्हाईकं घेऊन येतील. खिडक्या उघड्या ठेव, चौकात पाणी मारून ठेव आणि कमी बोल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर ती सव्वाचार लाखांची आहे.

तुझी काळजी करू नकोस. आमच्या आठव्या मजल्यावर बाल्कनीलगतची छोटी खोली तुझी. धुण्याचं मशीन तिथेच आहे, पण ते फक्त सकाळी चालतं. बापूजींनंतर तू त्या घरात एकटी. त्या जिन्यावरून उद्या पाय घसरला तर कळणार कोणाला? मला झोप लागत नाही गं.

तुझा,
हरिवदन

—

साकरबाईची पोळ,
अमदावाद,
२७ ऑक्टोबर १९९३

चि. हरिवदनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेप्रमाणे सगळं केलं. चौकात पाणी मारलं, त्यावरून चंपकभाई घसरले. फार लागलं नाही. टेकून बसले आणि म्हणाले, "मोटीबेन, घर बघायला आलोय, साष्टांग घालायला नाही."

मणिनगरचं एक जोडपं आलं होतं. फार गोड माणसं. बाईंना खांब फार आवडले, खांबाला हात लावून उभ्या राहिल्या तर सोडेनात. मला भीती वाटली. म्हणजे आनंदच झाला, पण म्हटलं, गरीब बिचारी फसायला नकोत. तू प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस असं कुठे लिहिलंस? त्यांनी विचारलं, "शेजार कसा आहे?" मी म्हटलं, शेजार उत्तम, मंछाबेनच्या घरात डाळीला फोडणी पडली की शिंका आपल्याला येतात, इतका जवळ. त्यांनी विचारलं, "टाक्यातलं पाणी पिता येतं?" मी म्हटलं, अमृत आहे. फक्त एकदा कबुतर पडलं होतं, त्यानंतर बापूजी ते पाणी झाडांना घालायचे. आणि झाडं काही मेली नाहीत.

मग ते जिना चढले. त्या बाईंचं कपाळ मधल्या तुळईला लागलं. मी हळद लावून दिली. म्हटलं, होतं सुरुवातीला, सवयीनं मान आपोआप वाकते. आमच्या पोळेतल्या माणसाला लांबून चालतानाही ओळखता येतं.

चहा न घेताच गेले. चंपकभाई म्हणतात किंमत जास्त वाटली असेल. मला तसं नाही वाटत, पण किमतीतलं मला काय कळतं?

प्रतिमाला आशीर्वाद. धुण्याचं मशीन सकाळी चालतं हे बरं झालं. तसंही मी पहाटेच उठते.

जसुमती

—

वडोदरा,
६ नोव्हेंबर १९९३

ती. मोटीबेनस,
जय श्रीकृष्ण.

अगं, खरं बोलावं, पण घर विकताना इतकं? तुला सत्यवचनाची हौस असेल तर एकादशीच्या दिवशी फेडून घे.

ऐक. जुनं घर दाखवण्याची एक रीत असते. आधी माडी दाखवायची, मग तळमजला. आधी उजेड, मग अंधार. जिन्याबद्दल आपण होऊन बोलायचं नाही. अंधाऱ्या खोलीला 'अंधारी' म्हणायचं नाही, 'थंड' म्हणायचं. अरुंद घराला 'आटोपशीर' म्हणायचं. शेजारी भिंतीला भिंत लावून राहतात म्हणजे 'सोबत' आहे. कबुतराचा विषय संपूर्ण बंद.

मंछाबेनला गिऱ्हाईक आल्यावर आपल्या घरातच थांबायला सांग. पोळेत घर विकायचं तर भिंतीच्या शेजाऱ्याला आधी विचारायचं, ही रीत मला ठाऊक आहे. मी तिला पत्र लिहून विचारलं, तिनं 'नको' असं कळवलंही. म्हणजे तिचा संबंध संपला.

किंमत चार लाखांवर आणली आहे. मन घट्ट केलं.

तुझा,
हरिवदन

—

साकरबाईची पोळ,
२ डिसेंबर १९९३

चि. हरिवदनास आशीर्वाद.

मंछाबेनला तुझा निरोप दिला. ती म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, वडोदऱ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. माझ्या भिंतीला कोण टेकणार हे बघायचा मला हक्क आहे." आणि गिऱ्हाईक ओट्यावर चढायच्या आत ती आमच्या चौकात पाट टाकून बसली. मी काय करणार?

या खेपेला दातांचे डॉक्टर होते. खाली दवाखाना, वर घर, असा त्यांचा विचार. मी तुझा शब्द न् शब्द पाळला. आधी माडी दाखवली. अरुंदला आटोपशीर म्हटलं. कबुतराचं नाव काढलं नाही. मग आतल्या खोलीशी आलो तेव्हा म्हटलं, "ही आमची थंड खोली."

डॉक्टरांनी विचारलं, "उन्हाळ्यात कितपत थंड राहते?"

आता मी खोटं बोलायचं का? मी म्हटलं, "इतकी थंड की वैशाखात आमचे बापूजी गेले, तेव्हा भाऊ वडोदऱ्याहून येईपर्यंत त्यांना इथेच ठेवलं होतं. बर्फसुद्धा आणावा लागला नाही."

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. मंछाबेन पाटावरून म्हणाली, "आणि भाऊ काही त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला."

मला फार वाईट वाटलं रे. डॉक्टर सज्जन होते. जाताना म्हणाले, तुमच्या खालच्या दाढेला उपचार हवाय, दवाखान्यात या.

खरं सांगू का, घर काही खपण्यातलं दिसत नाही. चौकातली फरशी हलते, मोरीचा वास येतो, माडीच्या खिडकीचं एक दार वाऱ्यानं रात्रभर आपटतं. तुझ्यासारख्या जाणकारानं नुकसान सोसून विकू नये असं मला मनापासून वाटतं. थांबावं चार वर्षं. भाव वाढतील.

जसुमती

—

वडोदरा,
३० डिसेंबर १९९३

ती. मोटीबेनस,
जय श्रीकृष्ण.

भाव वाढतील ते घर उभं राहिलं तर ना! तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून मी दोष उतरवून काढले. जिना, टाकं, मोरी, फरशी, खिडकी, शेजारीण, आणि बापूजींची ती खोली. एवढ्या सगळ्यात तू गच्चीबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाहीस. जिला कबुतर लपवता आलं नाही, ती गच्ची का लपवते? मी कपाळाला हात लावला. म्हणजे गच्चीची अवस्था लिहिण्यापलीकडची आहे. पडायला तरी झाली आहे किंवा पडली तरी आहे, आणि मला धक्का बसू नये म्हणून तू गप्प आहेस. थोरली बहीण ती थोरली बहीणच.

म्हणून एक केलं आहे. प्रद्युम्न परीख नावाचे गृहस्थ आहेत, नदीपार मोठा बंगला आहे. गच्च्यांची गळती बंद करण्याचा त्यांचा धंदा. पडकं घर घेऊन नीट करून विकतात. अशा माणसाला घराचा दोष म्हणजे मेजवानी. सगळ्यात वाईट काय ते त्यांना आधी दाखव, म्हणजे थेट गच्चीवर ने. साडेतीन लाखांपर्यंत खाली यायची माझी तयारी आहे.

त्यांना एरवी सवड नाही. चौदा जानेवारीला सुट्टी आहे, त्या दिवशी येतील. त्या दिवशी उत्तरायण आहे हे माझ्या लक्षात आहे, पण त्यांना पतंगांशी काय घेणं? हातोडी घेऊन येतो म्हणाले.

तुझा,
हरिवदन

—

साकरबाईची पोळ,
१७ जानेवारी १९९४

चि. हरिवदनास आशीर्वाद.

प्रद्युम्नभाई येऊन गेले. घर बघितलं. फार काही बोलले नाहीत. बाकी सर्व ठीक. तीळगूळ वेगळा पाठवते आहे.

(एवढं लिहून पाकीट बंद करणार होते. मंछाबेन म्हणाली, भावाला सगळं लिही, नाहीतर तो माणूसच सांगेल. म्हणून लिहिते.)

मी तयारीत होते बरं का. गळक्या कोपऱ्यातला चुना मुद्दाम उकरून ठेवला होता. ठरवलं होतं की भेग दाखवायची, हातोडी मारून घ्यायची आणि खाली आणून वाटेला लावायचं. पण उत्तरायणाच्या दिवशी गच्ची आपली एकट्याची असते का? सकाळी सहापासून माणसं चढत होती. आधी आपल्या समोर राहायचा त्या रतिलालच्या घरचे सगळे नदीपारहून आले, लेकी, जावई, दोन व्याही. कोपऱ्यावरच्या घरातली सरला आली, ती तर आता राजकोटला असते. पोळ सोडून गेलेलं माणूस त्या दिवशी परत येतं आणि मला विचारत नाही, सरळ जिना चढतं. जिन्याला कोणाचं डोकं लागत नाही. सगळ्यांची मान आपली आधीच वाकते.

प्रद्युम्नभाई अकराला आले. सोबत बायको आणि दोन मुली. चांगला पन्नाशीचा गृहस्थ, पोट सुटलेलं. गच्चीवर आले, गुडघे टेकले, आणि ठक ठक सुरू केलं. मी भेग दाखवली. म्हटलं, इथून गळतं, तिथूनही गळतं. ते म्हणाले, हं. मग समोरच्या पोळेतला एक काळा पतंग आपल्या गच्चीवर उतरायला लागला. अगदी उद्दाम. रतिलालचे दोन जावई त्याच्यापुढे हरले होते. प्रद्युम्नभाईंची हातोडी हवेतच थांबली. त्यांनी वर बघितलं, उठले, जावयाच्या हातातली दोरी घेतली आणि मला म्हणाले, "मोटीबेन, फिरकी धरता?"

आता तू सांग. कोणी फिरकी धर म्हटल्यावर नाही म्हणायचं असतं का?

काळा काटला. मग हिरवा काटला. मग तो मशिदीकडचा शेपटीवाला, तोही काटला. मी "लपेऽऽट!" म्हणून इतकी ओरडले की अजून घसा बसलेला आहे. त्यांच्या बायकोनं मला मिठी मारली. मग उंधियुं, जलेबी, ऊस, बोरं. मंछाबेन तिच्या गच्चीवरून कठडा चढून इकडे आली. या वयात. घर विकायचंय हे मी विसरूनच गेले रे.

जेवताना त्यांनी विचारलं, "वारा इथे दरवर्षी असाच असतो?"

त्या वेळी जीभ चावायला हवी होती. पण मला राग आला. असाच? मी म्हटलं, "आज तर वारा पडलाय! आमच्या बापूजींनी ही गच्ची दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा कमरेइतकी उंच बांधून घेतली. उत्तरेला ना झाड, ना तार. इथून सोडलेला पतंग हाताला वजन देत नाही. आणि पोळेतल्या गच्च्या एकीला एक लागून आहेत, पार टोकाच्या देवळापर्यंत पायाला जमीन न लावता जाता येतं. अशी गच्ची सगळ्या अमदावादेत शोधून दाखवा." मंछाबेननं मला चिमटा काढला तेव्हा मी थांबले. फार उशिरा काढला.

संध्याकाळी त्यांनी मुलींना घेऊन पतंगाच्या दोरीला बांधून आकाशदिवे सोडले. जाताना विचारलं, "गळती म्हणालात ती कुठे होती?" दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला परत आले. हातोडी न घेता.

तरी मला वाटतं ते घेणार नाहीत. जिन्याला धापा टाकत होते.

जसुमती

—

वडोदरा,
२९ जानेवारी १९९४

ती. मोटीबेनस,
जय श्रीकृष्ण, आणि जय प्रद्युम्नभाई!

सहा लाख. बसली आहेस ना? सहा. मी चुकून साडेतीन म्हणायला तोंड उघडणार होतो, तेवढ्यात त्यांनीच आकडा सांगितला. मी विचारलं, कशाचे? ते म्हणाले, "गच्चीचे. खालचं घर जिन्यासाठी लागेल." आयुष्यभर मी ज्या गच्चीला शून्य लिहीत आलो तिचे सहा लाख! बँकेतल्या जुन्या मित्रांना सांगायची सोय नाही.

आता खरी बातमी. तुला काय वाटलं, तुझ्या भावाला काही कळत नाही? घर विकणारा कधी खोटं बोलतो हे ओळखण्यावर माझी भाकरी होती. तुला घर सोडायचं नाही हे मला डॉक्टरांबद्दलच्या तुझ्या पत्रातच कळलं. पण तूही बोलत नव्हतीस आणि मीही विचारत नव्हतो. विचारलं असतं तर तू "तुला वाटेल तसं कर" असंच लिहिलं असतंस.

म्हणून मी प्रद्युम्नभाईंपुढे गोष्ट काढली. त्यांना घर हवंय ते उत्तरायणाच्या दोन दिवसांपुरतं. बाकी वर्षभर रिकामं राहिलं तर वाळवी लागेल, म्हणून राखायला माणूस हवाच आहे. तेव्हा खरेदीखतात असं लिहून मिळेल की जसुमतीबेन हयात असेपर्यंत तिथेच राहतील, भाडं नाही, दिव्याचं बिल प्रद्युम्नभाईंचं, दुरुस्तीही त्यांचीच. ते दोन दिवस फक्त घर त्यांच्या पाहुण्यांसाठी मोकळं करून द्यायचं. त्यांची माणसं बरीच असतात, म्हणून बाहेरचं कोणी गच्चीवर नको. तू ते दोन दिवस इकडे ये, प्रतिमा उंधियुं करेल.

पैसेही मिळाले, घरही राहिलं. साप मेला, काठीही मोडली नाही. कागद सोबत आहेत. जिथे पेन्सिलीनं खूण केली आहे तिथे सही कर.

तुझा, अभिमानानं फुगलेला,
हरिवदन

—

साकरबाईची पोळ,
११ फेब्रुवारी १९९४

चि. हरिवदन,

कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

मला घर विकायचं नाही. हे घे, लिहिलं. तिरकं-तिरकं लिहून माझाही हात दुखला आणि तुझंही डोकं.

माझी एवढी सोय पाहिलीस, तुझं मन चांगलं आहे, ते मला माहीत आहे. पण भाई, तू मोजलंस काय? वर्षभर मी या घरात काय करते? सकाळी झाडते, तुळशीला पाणी घालते, संध्याकाळी दार लावते. दुपारी ओट्यावर बसते तर बोलायला मंछाबेन, आणि ती झोपली की कोणी नाही. निम्मी पोळ रिकामी झाली. बाकी वर्ष मी या घराची राखणदारच आहे. पगार मिळत नाही एवढंच. त्या दोन दिवसांत मी मालकीण असते. सगळे परत येतात, हक्कानं चढतात, चहा मागतात, आणि सरला म्हणते, मोटीबेन, तुमच्यामुळे आम्हाला यायला जागा आहे. ज्या दिवसांत मी मालकीण तेवढे तू विकलेस, आणि राखणदारीचे ठेवलेस. आणि रतिलालला मी जिन्यात अडवून सांगायचं, बाहेरचं कोणी वर नको? तो बाहेरचा?

मला फार रडू आलं. मग राग आला. मग बस धरून मी नदीपार प्रद्युम्नभाईंकडे गेले.

बंगला छान आहे. गच्ची आपल्या गच्चीच्या तिप्पट. मी विचारलं, "एवढी गच्ची असताना आमची कशाला?" ते मला वर घेऊन गेले. चहूकडे बंगले, आणि एकाही गच्चीवर माणूस नाही. म्हणाले, "मोटीबेन, इथे पतंग उडतो. पण काटायचा कोणाचा?" मग कळलं, तेही पोळेतलेच. खाडियाकडचे. त्यांच्या बापानं घर विकलं, ते तेव्हा कॉलेजात होते. कितीला विकलं ते त्यांनी सांगितलं नाही. मान खाली घातली, त्यावरून समजले.

मी म्हटलं, "बापानं विकलेली गच्ची तुम्ही आता सहा लाख मोजून परत घेताय. माझा भाऊ आज विकतोय. उद्या त्याच्या मुलाला, कौशलला, किती मोजावे लागतील, तुम्हीच हिशेब करा." त्यांच्या बायकोनं माझ्यापुढे खाकरा ठेवला.

मग मी म्हटलं, "तुम्हाला दोन दिवसच हवेत ना? या की. दरवर्षी या, बायको-मुलींना घेऊन या, पाहुण्यांना घेऊन या. रतिलालच्या जावयांना सांभाळून घ्या, त्यांना काही येत नाही. जेवण माझं, मांजा तुमचा."

ते म्हणाले, "म्हणजे भाडं काय?"

"पाहुण्याकडून भाडं घेतात का?"

"फुकट?"

"फुकट."

"दरवर्षी?"

"माझा जीव आहे तोवर."

अमदावादी माणूस तो, पै न् पै मोजणारा. 'फुकट' हा शब्द त्यानं तोंडात घोळवून पाहिला. बायकोकडे बघितलं. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. मग खरोखर कोड्यात पडल्यासारखं मला विचारलं, "मोटीबेन, मग मी हे घर विकत कशाला घ्यायचं?"

मी म्हटलं, "माझ्या भावाला मीही तेच विचारते आहे, की विकायचं कशाला?"

ते तुला पत्र लिहितील. गळती मात्र ते बंद करून देणार आहेत. मजुरी त्यांची, सिमेंट आपलं. सिमेंटचेही देतो म्हणत होते, मग बायको खोकली.

पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दोर बांधून घेतला आहे, म्हणजे तुला झोप लागेल. तुला पैशांची नड असेल तर तसं सरळ लिही, मी माझ्या पाटल्या देईन. पण हे कागद परत पाठवू नकोस.

जसुमती

—

वडोदरा,
२ मार्च १९९४

ती. मोटीबेन,

सहा लाखांचं गिऱ्हाईक तू उंधियुंवर बोळवलंस. असा व्यवहार मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि दुसऱ्या कोणी केला असता तर त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. आठ दिवस मी तुला पत्रच लिहिणार नव्हतो. प्रतिमा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. छोट्या खोलीत आता मशीन एकटंच आहे.

नड कसलीच नाही. पाटल्या ठेव. मला फक्त वाटत होतं, घर आहे तर त्याचं काहीतरी झालं पाहिजे.

तुझं पत्र कौशलच्या हाती लागलं. जेवताना म्हणाला, "पप्पा, आपली अशी गच्ची आहे, मग आपण उत्तरायणाला का नाही जात?" मी म्हटलं, सुट्टी नसते. तो म्हणाला, "तुम्ही तर रिटायर झालात." बापूजी गेले त्या वर्षी गेलो नाही, दुसऱ्या वर्षी म्हटलं पुढच्या वर्षी, मग जायची लाज वाटायला लागली. खरं कारण एवढंच आहे.

तेरा जानेवारीला आम्ही तिघं येतो आहोत. अजून बरेच महिने आहेत, मला ठाऊक आहे. तरी प्रद्युम्नभाईंना आत्तापासून सांगून ठेव. त्यांनी पाहिजे तिथे उभं राहावं, पण मंछाबेनच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात नको. तिथे कठड्याला टाच लावून उभं राहिलं की वारा बरोबर हातात येतो. तो कोपरा माझा आहे.

हरिवदन